शेजारच्यांची माशी

माझी शाळा मराठी चौथीतच सुटली. तरी नगरहून ठाण्यात आलेल्या मला तळ्याकाठच्या बंगल्यातल्या साहेबांनी माशा पकडायच्या कामावर ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

साहेब कचेरीतून आले की अंगातला कोटही न काढता माशांपाशी बसत. कोणती माशी फणसावर अंडी घालते, कोणती सुकटीशिवाय कशाकडे बघत नाही, आणि का, हाच त्यांना ध्यास. त्यातही लाडकी होती पिवळ्या पट्ट्यांची एक. दिसायला थेट गांधीलमाशी, पण नांगी नाही.

"पाखरू घाबरून हिला सोडतं," साहेब सांगत. "जी जास्त चांगली फसवते ती वाचते, तिचीच पिल्लं वाढतात."

मला ते चटकन पटलं. डोक्यावर पागोटं ठेवल्यापासून मलाही लोक शास्त्रीबुवा म्हणू लागले होते.

एके दिवशी मुंबईहून एक मोठे साहेब हे काम बघायला येणार असं ठरलं. "त्यांना पटलं तर तुझं काम पुढे चालेल," साहेब म्हणाले. नाही पटलं तर मी पुन्हा नगरला, हे मी समजलो.

ओटीवर मी तीन ताटल्या मांडून ठेवल्या: फणस, सुकट आणि गुळाचं पाणी. माशा छान जमल्या. सकाळी साहेब पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले आणि मी तळ्यावर आंघोळीला. परत येऊन बघतो तर ओटी लख्ख. शेणाने सारवलेली, कडुनिंबाचा धूर कोंडलेला, ताटल्या घासून पालथ्या. माशी औषधालाही नाही.

झाडलोटीला बाळकुमाहून येणारी मावशी कमरेला पदर खोचून उभी होती.

"मावशी, माशा कुठायत?"

"पावने येनार, न् घरान माशा? लोका काय बोलतील रं?"

तिचं तरी काय चुकलं. पाहुणा येणार म्हटल्यावर कोणत्याही घरात हेच झालं असतं.

मी जाळी घेऊन आळीत धावलो. वकीलकाकू ओट्यावर आंब्याच्या रसाची साठं वाळत घालत होत्या.

"काकू, चार माशा मिळतील का?"

"आमच्याकडे माशा? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"ही काय, साठावर बसलीय."

काकूंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती शेजारच्यांची."

मी शेजारी गेलो. तिथल्या आजोबांनी पानाचा विडा गालात सरकवला. "माशी त्यांचीच. आमच्याकडे नुसती पाणी प्यायला येते."

असं करत मी सगळी आळी पालथी घातली. माशा घराघरात होत्या आणि मालक एकीलाही नव्हता. शेवटी वाण्याकडून गूळ घेतला, पाण्यात कालवला आणि उपरण्याला, पागोट्याला, घाईत थोडा नाकालाही फासला. मग मिठाईच्या दुकानापुढे जाऊन शांत उभा राहिलो. हलवाई म्हणाला, "शास्त्रीबुवा, काही व्रत आहे का?"

बंगल्यात शिरलो तेव्हा माझ्यामागे घोंगावणारी वरात होती. साहेब आणि पाहुणे नुकतेच टेकले होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या ओटीकडे पाहिलं आणि समजून घेतलं. "जागचा हलू नकोस," एवढंच म्हणाले.

दोघे भिंग घेऊन माझ्याभोवती फिरू लागले. इतक्यात पिवळ्या पट्ट्यांची एक येऊन नाकावर बसली.

"हीच ती," साहेब कुजबुजले. "माशी ना रे?"

माशीला पंख दोन आणि गांधीलमाशीला चार, हे मी रोज पाठ म्हणत असे. पण स्वतःच्या नाकावरचे पंख मोजणार कसे? "माशीच, साहेब," मी म्हणालो. पाहुण्यांनीही भिंगातून बघून मान डोलावली.

मग ती चावली.

मी हललो नाही. हललो असतो तर नोकरी गेली असती, अशी माझी पक्की समजूत. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या. पाहुण्यांनी पुन्हा भिंग लावून पंख मोजले, चार भरले, आणि ते खुर्चीला धरून हसत सुटले. "आपण दोघे भिंग घेऊन फसलो," ते साहेबांना म्हणाले, "मग पाखरांचा काय दोष? काम चालू ठेवा. आणि ह्यालाही ठेवा."

संध्याकाळी मावशी माझ्या सुजलेल्या नाकावर हळद लावत होती. "तरी मी बोलत व्हते," ती म्हणाली, "घरान माशा नको."

"मावशी, ती आपली नव्हती," मी म्हणालो. "शेजारच्यांची होती."