दाराएवढी ओल

दोघा भावांची वाटणी झाली. एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, असं ठरलं आणि माझ्या स्वयंपाकघरातून धाकट्या जावेकडे जाणारं दार विटांनी बुजवलं. काल त्यावर गिलावाही झाला. बाकी भिंत कोरडी, दाराएवढाच भाग ओला, करडा. अजून तिथं दारच उभं असावं तसा. वारा यायचा तो तिथूनच. आता फोडणीचा ठसका आत कोंडून राहतो, आणि त्याच्याबरोबर मीही.

जाताना गवंडी म्हणाला, "वहिनी, रोज पाणी मारा, नाहीतर तडे जातील."

म्हणून मी तांब्या घेऊन उभी राहते. आपल्याला कोंडणारी भिंतही आपणच जपायची असते. तडा गेला तर बरं, असं मनात येतं, पण हात काही थांबत नाही.

आज पलीकडूनही भिंतीवर पाणी पडल्याचा आवाज आला. सुमनच असणार. मी थांबले, तशी तीही थांबली. सवयीनं मी विचारलं, "सुमन, कोथिंबीर आहे का गं?"

"आहे, ताई. देते."

मग बराच वेळ दोघीही भिंतीपाशी उभ्या होतो.