मे महिन्यातली मुंबईकरीण

मुंबई शहराचं सुख मनसोक्त घेतलेलं एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि ते माणूस रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत राहतं. मुंबईत जन्मलेली, तिथेच नोकऱ्या करून निवृत्त झालेली आमची निम्मी भावकी त्या शहराबद्दल बोलायला लागली की पाणी, पार्किंग आणि डास यांच्यापुढे जात नाही. माझी धाकटी काकू मात्र 'मुंबई' हा शब्द असा उच्चारते, की जणू पानात मोदक पडलाय आणि आता त्यावर तूप यायचं तेवढं बाकी आहे. एरवी ती शेणगोठा, पोफळीची बाग आणि शेजारणींची दुखणी यांत पूर्ण बुडालेली असायची. मे महिना आला, की ती मुंबईकरीण व्हायची.

आमच्याकडे मे महिना म्हणजे मुंबईकरांचा महिना. शाळांना सुट्ट्या लागल्या, की एकेक कुटुंब गाडीतून उतरायचं आणि उतरल्या उतरल्या पडवीत आडवं व्हायचं. 'इथे आलं की कसं शांत वाटतं' हे वाक्य प्रत्येकजण म्हणायचा, आणि ते म्हणेपर्यंत आत काकूने चहाचं दुसरं आधण टाकलेलं असायचं. सकाळी घावन, दुपारी आमटीभात आणि सोलकढी, मधल्या वेळेला फणस, आणि रात्रीचं काय करायचं यावर दुपारीच चर्चा. काकू सगळ्यांना गरम घावन वाढायची आणि शेवटचं, तव्यावर फाटलेलं, स्वतःच्या ताटलीत घ्यायची. पाहुणे गेले की काकूला सुट्टी, असं आम्ही सगळे मोठ्या मनाने म्हणत असू. पण पाहुणे जाईपर्यंत पाऊस तोंडावर आलेला असायचा, आणि मग कोकमं सुकवणं, आंब्याची साठं घालणं, लाकडं आत घेणं, ही कामं दाराशी उभी असायची. तिच्या सुट्टीची पाळी कधी आली नाही, आणि ती आली नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एका मे महिन्यात माझा थोरला चुलतभाऊ मुलुंडहून सहकुटुंब येऊन अंगणात गाडीतून उतरला, तर काकू पडवीच्या पायरीवर इस्त्रीची साडी नेसून, पायाशी बॅग ठेवून बसलेली. ती त्याला म्हणाली, "किल्ली दे." तो गाडीची किल्ली पुढे करायला लागला, तेव्हा तिने मान हलवली. "गाडीची नव्हे, मुलुंडच्या घराची. तुम्ही सगळे इकडे आलात म्हणजे ते घर रिकामंच असणार. मी आठ दिवस तिकडे राहून येत्ये."

वहिनी आधी हसल्या, मग काकू हसत नाही हे पाहून थांबल्या. इथल्या जेवणखाणाचं काय, असं कोणीतरी हळूच विचारलं. काकू म्हणाली, की घरात एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यांना कुकर लावता येत असेल. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका बागेचं शिंपणं आटपून नुकतेच आले होते. हा गृहस्थ आधीच अबोल. जास्त बोललं तर विहिरीचं पाणी कमी होईल, अशा बेताने बोलणारा. त्यांनी पाय धुतले, टॉवेलने पुसले आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. मी आहे इथे."

काकांनी जन्मात साधा चहासुद्धा केला नव्हता, त्यामुळे या आश्वासनाने कोणालाच धीर आला नाही. पण काकू बॅग उचलून उभी राहिली होती. साठीची बाई मुंबईत एकटी हरवेल, असं ठरवून घरच्यांनी मला तिच्याबरोबर पाठवलं. मी शाळामास्तर, मला सुट्टी होतीच. साऱ्या मुंबईने कोकणात उतरायचं धरलेलं असताना उलट्या दिशेची आमची गाडी मात्र बरीच मोकळी होती. काकूला खिडकी मिळाली. पनवेल येईपर्यंत तिने खिडकीतून तोंड आत घेतलं नाही.

मी देखरेखीला गेलो होतो खरा, पण दुसऱ्या दिवसापासून मी फक्त पिशवी धरण्याच्या कामाचा उरलो. काकूची मुंबई पाहण्याची रीत जगावेगळी होती. कुठे जायचं हे ती ठरवतच नसे. मिळेल त्या बसमध्ये चढायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. कंडक्टरने कुठे उतरणार विचारलं की ती म्हणायची, "ही जिथे संपेल तिथे." बस संपली की तिथे उतरून आजूबाजूला एक फेरी मारायची, देऊळ असेल तर नमस्कार करायचा, बाजार असेल तर भाज्यांचे भाव विचारून नाक मुरडायचं, आणि दुसरी बस पकडायची. अशा रीतीने तिने मुंबईतल्या अशा जागा पाहिल्या, ज्यांची नावं माझ्या मुलुंडच्या भावाने फक्त बसच्या पाटीवर वाचली होती.

रांग दिसली की उभं राहायचं, हा तिचा दुसरा नियम. एवढी माणसं उन्हात उभी आहेत म्हणजे पुढे काहीतरी चांगलंच असणार, असा तिचा हिशेब. एकदा अशाच रांगेतून आम्ही फुकट नेत्रतपासणी शिबिरात पोचलो आणि काकूला चष्मा लागला आहे हे तिथे कळलं. एकदा दीड तास उभं राहिल्यावर पुढे परदेशी जाणाऱ्यांचे कागद तपासत आहेत असं समजलं. मी ओशाळून निघायला लागलो, तर काकू मागच्या मुलीशी इतकी रंगली होती, की तिला खिडकीपर्यंत पोचवून, 'तिकडे थंडी असते, कानटोपी घे' असं सांगूनच ती रांगेतून बाहेर पडली.

मॉलमध्ये मात्र ती पहिल्या दिवशी सरकत्या जिन्यापाशी बराच वेळ थबकली. शेवटी डोळे मिटून, कुलदेवतेचं नाव घेऊन तिने पाय टाकला. वर पोचल्यावर डोळे उघडले आणि मला म्हणाली, परत खाली जाऊ. मग दुपारभर आम्ही वरखाली केलं. दमली की ती फर्निचरच्या दुकानात शिरून मोठ्या कोचावर बसायची. विकणारा पोरगा अदबीने काय दाखवू विचारायला आला, तर तिने त्याच्याकडे पाणी मागितलं, आणि त्याने ते आणलंसुद्धा. त्याचं गाव आमच्याच कोकणातलं, सावर्ड्याजवळचं निघालं. त्यानंतर तो कोच आमचाच झाला.

आंब्याच्या गाड्यांकडे ती पाहतही नसे. आंबे खायला मुंबईला कशाला यायचं, म्हणायची. समुद्राचंही तेच. आम्ही संध्याकाळी चौपाटीच्या कठड्यावर बसायला गेलो, तेव्हा शेकडो माणसं पाण्याकडे तोंड करून बसली होती आणि त्या एवढ्या ओळीत आमची काकू एकटी समुद्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "समुद्र घरी आहे की. मी माणसं बघायला आल्ये." आणि खरंच तास तास बघायची. कोण कोणाशी भांडलंय, कुठली सून माहेरी फोन करत्ये, कुठल्या पोराचा निकाल वाईट लागलाय, हे ती चालण्यावरून सांगायची. ते खरं होतं की नव्हतं, हे तपासायची सोय नव्हती. पण ऐकताना सगळं पटायचं.

तिला सर्वांत आवडली ती मुलुंडच्या घराजवळची एक खानावळवजा डोशाची गाडी. तव्यासमोरचं बाकडं तिने हेरून ठेवलं होतं. पहिल्या सकाळी डोसा तिच्यापुढे आला, तेव्हा तिने सवयीने तो माझ्याकडे सरकवला. मी तो परत तिच्याकडे सरकवला. तिने कडेचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. मग म्हणाली, "गरम असताना असं लागतं होय." दुसरा डोसा आला, तोही तिने माझी वाट न पाहता खाल्ला. मला फार आनंद झाला आणि थोडी मान खाली घालावीशीही वाटली.

दर संध्याकाळी काकांचा फोन यायचा. हिंग कुठे आहे, कुळथाचं पीठ कुठल्या डब्यात, आमटीला आमसुलं आधी की नंतर, एवढं विचारून ते फोन ठेवायचे. काकू कपाळाला हात लावून सगळं सांगायची, आणि फोन ठेवल्यावर, 'बघ, माझ्यावाचून अडतंय' असं ऐटीत म्हणायची. पाचव्या दिवशी फोन आला नाही. सहाव्या दिवशी तिनेच केला, तर काका म्हणाले सगळं ठीक आहे, तू मुंबई बघ. त्या दिवशी आमची बस शेवटच्या थांब्याला पोचली तरी काकू उठली नाही. तिथूनच आम्ही मागे फिरलो. "ह्यांनी आज काहीच विचारलं नाही," एवढंच ती दोनदा म्हणाली. सातव्या दिवशी सकाळी ती बॅग भरून तयार होती.

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. अंगणातून आतलं सगळं दिसत होतं. वहिनी कोशिंबीर वाढत होत्या, थोरला भाऊ हाताला तेल लावून फणस फोडत होता, आणि काका, खांद्यावर फडकं टाकून, वाकून एकेकाच्या पानात आमटी वाढत होते. कोणाचं काही अडलं नव्हतं. काकू पायरीपाशी उभी राहिली. मला वाटलं ती खूश होईल. पण तिचा चेहरा जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखा झाला होता.

काकांनीच तिला आधी पाहिलं. "लवकर आलीस?" ते म्हणाले. मग त्यांनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं, भिंतीशी एक पाट मांडला, ताट घेतलं आणि म्हणाले, "बस. उभी नको राहू, निवेल."

काकू बसली. आमटीचा पहिला घास घेऊन तिने मीठ कमी असल्याचं जाहीर केलं. मीठ अगदी बरोबर होतं, मी चाखली होती. काकांनी मिठाची वाटी तिच्यापुढे ठेवली, आणि ती डोळ्याला पदर लावत, चुलीचा धूर फार झालाय, असं पुटपुटली. स्वयंपाक गॅसवर झाला होता.

पुढे दर मे महिन्याला हा रिवाजच पडला. मुंबईकर आले, की किल्ली काकूच्या हाती पडायची आणि ती बॅग घेऊन निघायची. मी एखाद्या वर्षी बरोबर असे, एखाद्या वर्षी ती एकटीच जाई. गावात तिला 'मुंबईत सुट्टीत काय बघावं' हे विचारायला लोक येऊ लागले, आणि ती प्रत्येकाला वेगळंच काही सांगायची. काका काही हलायचे नाहीत. मे महिन्यात शिंपणं चुकवून बाग सोडणं, हे त्यांना देव उघड्यावर टाकण्यासारखं वाटे. ते स्वयंपाकात मात्र इतके तयार झाले, की वहिनी त्यांना फोन करून कृती विचारायला लागल्या.

गेल्या वर्षीच्या आधीच्या मे महिन्यात त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत ठरलं, तेव्हा त्यांना जावंच लागलं. बाग शेजाऱ्यांवर आणि पाहुण्यांचं जेवणखाण वहिनींवर सोपवून दोघं मुलुंडच्या रिकाम्या घरी राहायला गेली. ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर चार दिवस हातात होते. मला वाटलं, आता काकू त्यांना सगळं शहर दाखवणार. मीही सुट्टीचा तिकडेच होतो, म्हणून एका दुपारी उन्हं कलताना त्यांना फिरायला न्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसली होती. खाली इमारतीच्या आवारात एक मोठा बहावा होता, पिवळ्या घोसांनी नुसता लगडलेला. काकांना नव्या डोळ्याने तो लख्ख दिसत होता.

"तू इथे येऊन हेच बघत होतीस एवढी वर्षं?" त्यांनी विचारलं.

काकू म्हणाली, "नाही हो. एकटीला कुठे बसवतंय इतका वेळ."

कोणी यायचं नव्हतं, कोणाला काही वाढायचं नव्हतं. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झालेली ती दोघं मे महिन्याच्या कलत्या दुपारी रिकाम्या हातांनी शेजारी शेजारी बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी चपला पुन्हा पायात घातल्या, दार होतं तसं लोटून घेतलं आणि जिना उतरलो.

ती इमारत आता पुनर्विकासाला गेली. भाऊ भाड्याच्या लहान जागेत राहतो, आणि त्याची मुलं सुट्टीत डोंगरांवर चढायला उत्तरेला जातात. काकांना प्रवास झेपत नाही. या मे महिन्यात भाऊ एकटाच चार दिवस आला होता, तेव्हा त्याने नव्या इमारतीची चित्रं मोबाइलवर दाखवली. काकूने चष्मा लावून सगळी पाहिली. मजले किती, लिफ्ट किती, हे तो सांगत होता आणि ती मान डोलावत होती. शेवटी तिने विचारलं, "आवारातला बहावा ठेवला का रे?"

त्याला आठवेना. आवारात झाड होतं, एवढं त्याला माहीत होतं. ते कसलं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. बघून सांगतो, असं तो म्हणाला. आतून काकांनी चहा झाल्याची हाक मारली. काकूने मोबाइल त्याच्या हातात दिला आणि उठताना म्हणाली, "गेल्यावर आठवणीने बघ. हे विचारत असतात."