आत्याची वेगळी चूल

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्या सकाळी घरात कोणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता... आत्याच्या चौकशीला सरकारी साहेब येणार होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी पोलिओने पाय गेला, लग्न झालं नाही, राहायची आमच्याकडेच. अपंगांना सरकारकडून महिन्याला थोडी मदत मिळायची, त्यात ती स्वतःचं बारीकसारीक भागवायची. भावापुढे हात पसरायचा नाही, हाच तिचा तोरा!

आणि अचानक नियम बदलला. कमावत्या माणसाच्या कुटुंबात राहणाऱ्याला मदत बंद. बाबा साकीनाक्याला कारखान्यात होते... झालं, वाट लागली!

शेजारचे सावंतकाका म्हणाले, चूल वेगळी दाखवा, म्हणजे कुटुंब वेगळं. मग गॅलरीच्या कोपऱ्यात स्टोव्ह मांडला, दोन भांडी ठेवली. आत्याने त्यावर भातही शिजवला. आईला सगळ्यांनी बजावलं, तू आतून हलायचं नाहीस.

साहेब दुपारी आला. माणूस वाईट नव्हता हो... त्याने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि हळहळला, "नुसता कोरडा भात जेवता, मावशी?" आत्याने मान हलवली. त्याने पेन काढलं. मी दाराशी उभी.

तेवढ्यात आई भरलं ताट घेऊन तरातरा बाहेर, त्यात माशाची तळलेली अंडी! "कोरडो भात? माझ्या घरात वन्सांका कोरडो भात? ह्या बघा, गाबोळी ठेवलंय तेंका!"

साहेब हसला. "मग काळजीच नाही की," म्हणाला आणि पेन खिशात ठेवून गेला. मदत बंद.

बाबा आईवर असे भडकले की विचारू नका. आई बिचारी रडकुंडीला आली... आपल्या घरात नणंद कोरडा भात खाते असं परक्या माणसाने समजावं, हे तिला सहनच झालं नव्हतं. शेवटी आत्याच मध्ये पडली, "तिला बोलू नकोस रे."

दोनचार दिवस गेले. आत्या आईजवळ येऊन बसली, उगाच पदराशी चाळा करत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "सुमन, डोक्याचं तेल संपलंय गं... आणशील?"

आईने तेल लगेच आणलं. पण आत्याचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

परवा पेपरात पुन्हा कसले तरी नियम बदलल्याचं वाचलं आणि डोकंच फिरलं. आत्याला जीव लावणारं माणूस घरात आहे, एवढंच तर त्या दिवशी सिद्ध झालं होतं... आणि तेच तिला भोवलं.