सेटमावशीचं पहिलं भांडण

माझ्या मावशीचा संसार एका इंग्रजी शब्दावर चालायचा: सेट. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. ‘दातांचा सेट’ म्हणताम्हणता तो शब्द तिच्या जिभेला चिकटला तो कायमचा. गजर सेट करा. केस सेट करून येते. शेजारणीचा मुलगा नोकरीत सेट झाला, लगेच त्याचं लग्नही सेट झालं. कुणी वेड्यासारखं वागलं की, “याचा वरचा सेट हललाय!” गल्लीत तिला सेटमावशीच म्हणत.

तिची एक पद्धत होती. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात रोवून ती गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवायची, आरसा लपवायची आणि सरळ भांडण उकरून काढायची. “आरशापुढे माणूस तोंड सांभाळून असतो. भांडताना सगळे दात कामाला लागतात.” कुणाला सुनेवरून डिवचायचं, कुणाला टकलावरून. शब्द कुठे अडतो ते कानाने टिपायचं आणि कवळी बाहेर काढून तापल्या सुरीने मेण सैल करून तो दात केसभर सरकवायचा.

मग काकांची पाळी आली. मावशीचे यजमान बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. पुढचे दात काढल्यापासून माइक दुसऱ्याकडे होता. साहेबांनी बजावलं होतं, सोमवारी उच्चार स्वच्छ आले तर खुर्ची तुमची, नाहीतर कायमचे पार्सलच्या खिडकीवर. आणि काका म्हणजे थंडगार पाणी. बायकोशी उभ्या जन्मात भांडले नव्हते.

“भांडा ना,” मावशी म्हणाली.

“कशावरून?” तोंडात मेणातले दात घेऊन काकांनी जपून विचारलं.

“माझ्या माहेरावरून.”

“भली माणशं आहेत गं.”

“मग माझ्या स्वयंपाकावरून?”

“जेवतोय की इतकी वर्षं.”

“अहो, देव आहात की दगड? मेण वितळेल तोवर!”

काका नुसते हसले. मावशीने सुरी खाली ठेवली. “खरं सांगू? तुमचं पुकारणं कुणी ऐकतच नाही. लोक पाटी वाचतात आणि गाडीत बसतात.”

काका ताडकन उठले. “कुणी शांगितलं? आंधळा माणूश पाटी वाचतो? बाकावर झोपलेली म्हातारी वाचते? शगळा श्टँड माझ्या आवाजावर उठतो! तू एकदा तरी येऊन बशलीश तिथे?”

मावशीने कवळी काढून घेतली, सुरी तापवली, वरचे दोन दात जरा मागे घेतले आणि ती परत बसवली. “म्हणा आता.”

“सगळा स्टँड,” काका म्हणाले. स्वच्छ. पण भिंतीकडे बघून.

“अहो, तुम्हाला चिडवायला म्हणाले मी.”

“कळलं,” म्हणून ते चपला घालून निघून गेले. कवळी पक्की झाली, तोंडात बसली. पण घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

सोमवारी दवाखान्यात उशिरा येते सांगून मावशी स्टँडवर गेली. खांबाआडच्या बाकावर बसली. भोंगा खरखरला आणि काकांचा आवाज आला, पाण्यासारखा नितळ. पाटीकडे पाठ करून बसलेली माणसं भराभर उठली. एकीने पेंगणाऱ्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. मावशीही पर्स सावरत उठली आणि गर्दीबरोबर गाडीच्या दारापर्यंत गेली. तिथे तिला आठवलं, आपल्याला कुठेच जायचं नाहीये.

तिने जाऊन काकांच्या केबिनच्या काचेवर टकटक केलं. काकांनी माइक बंद केला.

“अहो, खोटं बोलले मी. मीसुद्धा उठले.”

“कुठल्या गाडीसाठी?”

“कोण जाणे. तुम्ही पुकारलंत, उठले.”

काकांनी बाजूच्या स्टुलावरचा डबा उचलला आणि जागा केली. “बस. अजून एक गाडी पुकारायचीय.”