पामला पाणी घालू नका

सकाळी ऑफिसला निघताना लुसीकाकूंचा फोन आला. "बास्त्याव गेला गं... झोपेतच." मी येते म्हणाले, तर पुढचं वाक्य, "त्याच्या पामला आता पाणी कोण घालणार?" माझ्या तोंडून निघालं, "कोणीच नाही." ऐकायला वाईट वाटेल, पण काकांनी हेच उत्तर दिलं असतं.

बास्त्यावकाका आमच्या वसईचे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. तळमजल्याच्या घरामागे चार खुर्च्या मावतील एवढं अंगण. मुलगी शेरन लग्न होऊन इंग्लंडला गेली, तिने तिथल्या बागेत निळा पाम लावला. बर्फ पडला तरी तगतो म्हणे. काकांनी हट्टाने इथेही तसाच आणला. लेकीचं झाड थंडीत आणि आपलं उन्हात, बघू कोण जिंकतं! पंख्यासारखी पानं, रंग नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखा, राखाडी निळा. काकू म्हणाल्या, "एवढी महाग राख?"

काका केळीच्या वाडीत वाढलेले. कोरडी माती त्यांना बघवत नसे. रोज भरपूर पाणी. काही महिन्यांनी मधली, न उलगडलेल्या कोवळ्या पानाची सुरळी ओढून पाहिली तर ती अलगद हातात आली, बुडाशी कुजलेली. दुसऱ्या झाडाचंही तेच. शेरन फोनवर म्हणाली, "डॅडी, स्टॉप वॉटरिंग इट. माइन हेट्स द रेन, नॉट द कोल्ड." ती तर हिवाळ्यात झाडावर छप्पर घालायची. म्हणजे दोन्ही देशांत शत्रू एकच, ओल. तिसऱ्या झाडाला काकांनी खोल कुंडी घेतली, निम्मी खडी भरली आणि हात आवरला. पूर्ण नाही. रोज संध्याकाळी भरलेला मग घेऊन यायचे, मातीत बोट खुपसायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि पाणी बहुतेकदा शेजारच्या कढीपत्त्याला ओतायचे. मी एकदा विचारलं, "काका, घालायचं नसतं तर भरून कशाला आणता?" म्हणाले, "बाय, वाडीचा माणूस झाडाकडे रिकाम्या हाताने जात नाही."

काकांना वसईच्या मातीत ठेवून काकू परत आल्या, तेव्हा पाम ठणठणीत होता. मग संध्याकाळच्या रोझरीला लोक येऊ लागले आणि घोटाळा झाला. प्रार्थना संपली की जो तो अंगणात जाऊन काकांच्या लाडक्या झाडाला पाणी घाली. कारखान्याचा ड्रायव्हर गुलखान तर डोळे पुसत स्वतःची गार पाण्याची बाटली ओतून मोकळा झाला. "अंकलजी का पेड़ प्यासा नहीं रहेगा." हवा आधीच दमट, कुंडीखालच्या ताटलीत तळं साचलेलं. मी ओरडणार होते. काकूंनी हात धरला. "राहू दे. प्रत्येकाला काहीतरी द्यायचंय."

द्या ना, पण कढीपत्त्याला द्या. दुसऱ्या दिवशी मी कुंडीवर पाटी लावली, ताटली काढली, कुंडी विटांवर चढवली आणि वरची चिखल झालेली माती काढून कोरडी खडी पसरली. तेवढंच हातात होतं. काकू मात्र रोज फोन करायच्या. "हाही गेला तर... मी शेरनला काय सांगू?" रोझरीचे दिवस संपले, माती सुकली, तरी सुरळीला हात लावायचा धीर दोघींनाही होईना.

परवा मी त्यांच्याकडे गेले. शेरन व्हिडिओवर होती. "पुल इट जेंटली." मी चिमटीत धरून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली... घट्ट. शेरन हसली. काकू आत गेल्या. मला वाटलं रडायला, पण भरलेला मग घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, "काकू, पाटी वाचा." त्यांनी खडी बाजूला सारून मातीत बोट खुपसलं, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि सगळं पाणी कढीपत्त्याला ओतलं.

कढीपत्ता आता खिडकीच्या वर गेलाय. पाम आहे तेवढाच आहे.