ताकामात्सूचं तिकीट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाहीये, तरी लिहिताना कुणीतरी समोर बसून वाचतंय असं वाटतं, म्हणून म्हटलं.

मालतीताई गेल्या तेव्हा मी त्यांच्याकडेच जायला निघाले होते. दारात बसून बूट घालत होते, तेवढ्यात मुलगा फोन कानाला लावून आला आणि म्हणाला, "आई, आज जाऊ नकोस." मी विचारलं, "का? नको म्हणाल्या का ताई?" कारण आमचं बिनसलं होतं. तो माझ्या शेजारी खाली बसला… मग मला कळलं. झोपेतच गेल्या म्हणे. एक बूट पायात आणि एक हातात, अशी मी किती वेळ बसले कोण जाणे.

इकडे परदेशात, श्रूजबरी नावाच्या गावात, मी मुलाकडे आले तेव्हा कुणाशी बोलायची हिंमत नव्हती. ताईंना पोळ्या करायला कुणीतरी हवं होतं, म्हणून जाऊ लागले. त्या पुण्याच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभ्याने चहा प्यायले तर म्हणाल्या, "शेवंता, खुर्ची काय शोभेला ठेवलीय?" तरी मला बसायला महिना लागला. पुढे पोळ्या अर्ध्या तासात व्हायच्या आणि मी दुपारपर्यंत तिथेच असायची. आठवड्याचे पैसे त्या मोजून द्यायच्या आणि मी घ्यायची, त्यात काही वाटत नव्हतं. ते कामाचे होते.

त्यांची सून युको जपानची, ताकामात्सू नावाच्या बंदराच्या गावची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ताई व्याह्यांकडे गेल्या नव्हत्या. ताईंचा मुलगा निखिल आणि युको पुढे गेले होते. ताई म्हणाल्या, "मी एकटी जाणार नाही, तू चल." मी म्हटलं, "तिकीट?" तर म्हणाल्या, "ते मी बघते." मी तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, हे पैसे मी फेडणार." त्या हसल्या. मी मात्र हसण्यावारी नेलं नव्हतं.

त्या गावात एक मोठी बाग आहे. पाइनची झाडं म्हाताऱ्या माणसांसारखी वाकलेली, त्यांना खाली टेकू दिलेले. ताई एका टेकूपाशी थांबून म्हणाल्या, "बघ, यांच्याकडे झाडांनाही काठी देतात, आपल्याकडे सासूला कुणी देत नाही." युकोला हे निखिलने सांगितलं तशी तिने लगेच आपला हात ताईंना धरायला दिला. मग ताईंनी तो हात बाग संपेपर्यंत सोडला नाही. दुपारी शेवयांच्या दुकानात गेलो. करंगळीएवढ्या जाड शेवया. ताई शाकाहारी, म्हणून युकोने माशाच्या रश्शाऐवजी नुसता सोयाचा रस, किसलेला मुळा आणि लिंबू घालून आणल्या. सगळं दुकान सुर्रसुर्र आवाज करत खात होतं. मला लाज वाटत होती. ताई म्हणाल्या, "ओढ गं जोरात! जन्मात एकदा तरी आवाज कर." दुसऱ्या दिवशी बोटीने एका बेटावर गेलो. तिथे समुद्राच्या काठावर भलामोठा पिवळा भोपळा करून ठेवलाय, त्यावर काळे ठिपके. लोक रांगेत उभे राहून फोटो काढत होते. ताई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शेवंता, घारगे किती होतील गं याचे?" आम्ही दोघी इतक्या हसलो की युको घाबरली.

परतीच्या बोटीत निखिल माझ्या मागच्या बाकावर फोनवर बोलत होता. "आईची पोळीवाली मावशी पण आलीय यार. बरं झालं, आईला हेल्प होते." तो चांगला मुलगा आहे, खोटं काही बोलला नाही. बॅगा मीच उचलत होते, ताईंच्या गोळ्याही मीच देत होते. पण मला वाटलं होतं मी मैत्रीण म्हणून आलेय… समुद्रात छोटी छोटी बेटं लागत होती, ताई बोटाने दाखवत होत्या, आणि मी हो हो म्हणत होते.

तिकिटाचे पैसे फेडले तरच मी माझी आले असं होईल, हे तिथेच मनात पक्कं झालं. वर्षभर जमवले. पाकीट घेऊन गेले तर ताई भडकल्या. "माझ्याशी हिशोब करतेस? एवढीच किंमत केलीस माझी?" मी म्हटलं, "तुमची नाही ताई, माझी." त्यांना ते कळलं नाही, किंवा मला नीट सांगता आलं नाही. पाकीट त्यांनी माझ्या पिशवीत कोंबलं. पुढचे आठवडे मी पोळ्या करून लगेच निघायची. खुर्चीवर बसायची नाही. आणि मग त्या गेल्याच.

तेराव्याला मी पाकीट निखिलपुढे धरलं. "मावशी, प्लीज, हे नको." मग युकोला दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, वाकली. मला वाटलं, झालं. पण महिन्याभराने ती निखिलबरोबर माझ्या घरी आली ती एक खोका घेऊन. छान कागदात बांधलेला, आत चहा, सुक्या शेवया, पांढरा टॉवेल. निखिल म्हणाला, "मावशी, त्यांच्यात कुणी गेलं की लोक पाकिटात पैसे देतात. मग घरचे त्यातल्या साधारण निम्म्या पैशांची वस्तू परत देतात. रीत आहे." म्हणजे निम्मं कर्ज पुन्हा माझ्याच दारात. मी म्हटलं, "अरे, ते दुःखाचे पैसे नव्हते रे. ताईंनी माझं तिकीट काढलं होतं." निखिल म्हणाला, "पण आईला नको होते ना?" मला रडू आलं. मी म्हटलं, "ताईंना नको होते. मला द्यायचे होते. मी तिकडे कामाला नव्हते आले, निखिल."

बोटीत फोनवर काय बोलला ते त्याला आठवलं की नाही, मला माहीत नाही. त्याने हळू आवाजात युकोला इंग्रजीत सगळं सांगितलं. तिने खोका उचलून बाजूला ठेवला, निखिलकरवी मला खोक्याची किंमत सांगितली, आणि मी आतून तेवढे पैसे आणून तिच्यापुढे ठेवले. तिने नको म्हटलं नाही. तिने पर्समधून माझं आधीचं पाकीट काढलं, त्यात खोका घेऊन उरलेले पैसे होते, त्यांत हे मिळवले, आणि टेबलावर एकेक नोट ठेवत तिच्या भाषेत मोजत गेली. मी मनात मराठीत मोजत होते. शेवटच्या नोटेला आम्ही दोघी बरोबरच थांबलो. ती म्हणाली, "मावशी, पूर्ण."

पैसे फिटले.