सुई दिसते, रिक्षा दिसत नाही

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी. प्राणिशास्त्र, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगते. म्हणून माय जेव्हा म्हणाली, "रिक्षा लांब उभी दिसती, अन् एकदम अंगावरच असती, मधलं कायबी नसतं," तेव्हा निदान मीच करून टाकलं: चष्म्याचा नंबर वाढला.

गारखेड्यातल्या आमच्या घरी नजर तपासायची रीत एकच, सुई ओवायला द्यायची. मायनं एका दमात ओवली. वर ताटातल्या तांदळातला खडा उचलून दाखवला.

"सुई ओवती, अन् म्हणं रिक्षा दिसत नाय!" माझे वडील, आबा, हसले. "विहारात जायचा कंटाळा आला असंल."

रस्त्यापलीकडच्या बुद्धविहारात रोज सकाळी वंदनेला जायचं, तेही एकटीनं, एवढंच दिवसातलं मायचं स्वतःचं. तेच सुटतंय की काय, ही तिला भीती.

क्रांती चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत ठरवून मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. तिथं एमआरआयमध्ये कळलं, मध्यंतरी माय चक्कर येऊन पडली होती, ती नुसती चक्कर नव्हती. मेंदूत मागच्या अंगाला, दोन्हीकडं इजा झाली होती.

"डोळ्यातून मेंदूकडं एकच वाट जात नाही," बाई म्हणाल्या. "बारीक आकार आणि रंग एका वाटेनं जातात, हालचाल दुसऱ्या. माकडांतही असंच. यांची हालचालीची वाट मेंदूत जिथं पोचते, तिथं बिघाड आहे."

"म्हंजी आमी माकडं का?" आबा.

"तुमी गप बसा, सुईवाले," माय म्हणाली.

मी शहाण्यासारखी मान हलवली, पण डोक्यात काही बसेना. कॉलेजात काढलेली डोळ्याची आकृती मागच्या नसेपाशी संपायची. पुढं काय, हे आम्ही विचारलंच नव्हतं. दोन वाटांनी येतं, तर मला धावणारी रिक्षा एकच कशी दिसते? जोडतं कोण? बाई म्हणाल्या, हे पुरतं अजून कुणालाच उमगलेलं नाही. मला बरंही वाटलं, आणि गोंधळ आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून माय रस्त्याकडेला उभी राहिली. मी हात धरला, तिनं झटकला. डोळे मिटून नुसती ऐकत राहिली, मग पाऊल टाकलं. तेवढ्यात बॅटरीवरची रिक्षा, आवाज न करता. मी तिला मागं ओढलं.

"ही बोलत का नाय गं?" ती घाबरून म्हणाली. मग तिनंच हात पुढं केला. "रस्त्यापुरता धर. फाटकात सोड."

पाऊल कधी टाकायचं हे तिनं सांगायचं की मी, ते आमचं अजून ठरलेलं नाही.